मदत हवी आहे: जखमी मुलीचे फ्री थ्रो कोणी मारायचे होते?

वाशीकर_पालक
नमस्कार. आज संध्याकाळी वाशीत सोळा वर्षांखालील मुलींच्या बास्केटबॉल साखळी सामन्यात शॉट मारत असताना आमच्या मुलीवर फाउल झाला, तिचा घोटा मुरगळला आणि तिला उचलून बाकावर न्यावे लागले. तिचे दोन्ही फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, कोणी न अडवता रेषेवरून मारायचे शॉट) दुसऱ्याच मुलीला मारायला लावले, दोन्ही हुकले आणि आम्ही एका गुणाने हरलो. हे नियमात बसते का? उद्या सकाळी आयोजकांना भेटायचे आहे, त्यामुळे कृपया आज रात्रीच सांगावे.

नेरुळ_पश्चिम
दुसऱ्याच मुलीला म्हणजे नेमके कोणाला? जखमी मुलीच्या जागी आत आलेल्या राखीव खेळाडूला, की आधीपासून कोर्टवर असलेल्या चौघींपैकी एकीला? आणि तिची निवड कोणी केली? एवढे कळल्याशिवाय कोणालाच उत्तर देता येणार नाही.

वाशीकर_पालक
चौघींपैकी एकीला, आणि तिची निवड समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांनी केली. पंचांनी ती मान्य केली. म्हणूनच तर विचारतो आहे.

घोडबंदर_हूप्स
मग नियम बरोबर पाळला गेला आहे. साध्या फाउलमध्ये जखमी झालेल्या खेळाडूला फ्री थ्रो मारता आले नाहीत, तर ते कोण मारणार हे प्रतिस्पर्धी प्रशिक्षक ठरवतात आणि जखमी खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नाही. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या 2019 च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात क्ले थॉम्पसन गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यातून कोर्टवर परतला आणि त्याने दोन्ही फ्री थ्रो मारले, ते याच नियमामुळे. दुखापतीचे सोंग करून चांगला नेमबाज आत आणण्याची पळवाट या नियमाने बंद होते आणि म्हणून मला तो अतिशय न्याय्य वाटतो.

पंचगिरी_ठाणे
तो नियम एनबीएचा आहे आणि वाशीतल्या सामन्याला तो लावण्याचे काहीच कारण नाही. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम चालतात. त्यांतील कलम 43 प्रमाणे ज्या खेळाडूवर फाउल झाला तिनेच फ्री थ्रो मारायचे असतात, पण दुखापतीमुळे तिला बाहेर जावे लागले तर तिच्या जागी येणाऱ्या राखीव खेळाडूने ते मारायचे असतात, आणि बाकावर कोणीच शिल्लक नसेल तरच तिच्या स्वतःच्या प्रशिक्षकांना कोर्टवरच्या कोणाचेही नाव देता येते. समोरच्या प्रशिक्षकांचा यात कुठेही संबंध येत नाही. वाशीकर, तुमच्या बाकावर कोणी होते का?

कोपरी_फिजिओ
नियमांचे पुढे पाहता येईल, आधी घोट्याकडे लक्ष द्यावे. घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल किंवा वजन टाकून चार पावलेही चालता येत नसतील, तर उद्याची वाट न पाहता एक्स-रे काढून घ्यावा.

वाशीकर_पालक
आभारी आहे. एक्स-रे झाला, हाड शाबूत आहे. बाकावर तीन मुली होत्या आणि त्यांच्यापैकी एक लगेच आतही आली होती. ती सरावात रोज फ्री थ्रो मारते. तिला रेषेवरून बाजूला केले गेले, याचेच सर्वांत वाईट वाटते.

ऐरोली_डंक
मग निषेध नोंदवा. सामना संपल्यापासून 15 मिनिटांच्या आत कर्णधाराने मुख्य पंचांना सांगून स्कोअरशीटवरच्या निषेधाच्या रकान्यात सही करायची असते. सही केली होती ना?

वाशीकर_पालक
नाही. त्या वेळी सगळे मुलीच्या पायाशी बसलो होतो.

पंचगिरी_ठाणे
सही केली असती तरी निषेध टिकला नसता. गुणलेखनातील किंवा घड्याळातील न सुधारलेली चूक, सामना रद्द करण्यासारखे निर्णय आणि खेळाडूची पात्रता यांवरच फिबा निषेध स्वीकारते. चुकीच्या खेळाडूला फ्री थ्रो मारू देणे ही कलम 44 मधली सुधारता येण्याजोगी चूक आहे, पण तिला मुदत आहे: चुकीनंतर घड्याळ सुरू होऊन चेंडू पहिल्यांदा मृत झाला (खेळ थांबला) की तो पुन्हा जिवंत होण्याआधी (खेळात येण्याआधी) ती लक्षात यावी लागते. त्यानंतर किती खेळ झाला?

वाशीकर_पालक
साधारण चाळीस सेकंद. चेंडू दोनदा बाहेर गेला आणि थ्रो-इनही (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणे) झाले.

घोडबंदर_हूप्स
मुदतीत लक्षात आले असते, तर दोन्ही फ्री थ्रो पुन्हा मिळाले असते का?

पंचगिरी_ठाणे
नाही, उलट नुकसानच झाले असते. मारलेले फ्री थ्रो रद्द होतात आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांना थ्रो-इनसाठी मिळतो. पहिल्या फ्री थ्रोचा चेंडू हातातून सुटण्याआधी चूक दिसली, तर मात्र कोणतीही शिक्षा न होता योग्य खेळाडूला रेषेवर उभे करतात. म्हणून तेवढ्या अवकाशातच पंचांना सांगावे लागते.

नेरुळ_पश्चिम
आयोजकांकडे जाल तेव्हा निकाल बदलण्याची मागणी करू नका, ती मान्य होणार नाही. माहितीपत्रकात कोणते नियम लागू म्हटले आहेत ते पाहा आणि उरलेल्या सामन्यांसाठी कलम 43 सर्व पंचांना वाचून दाखवावे, अशी लेखी विनंती द्या.

वाशीकर_पालक
माहितीपत्रकात फिबाच लिहिले आहे. पत्र आत्ताच लिहायला घेतो. पंचगिरी, मसुदा इथे टाकला तर एकदा नजर घालाल का?