तीन चेनची जुनी ४×४ एटीव्ही: चेनचा ताण कसा जुळवावा?

बर्फाळवाट:

नमस्कार. आम्ही अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात राहतो. हिवाळ्यात घरासमोरचा बर्फ लोटण्यासाठी आणि उन्हाळ्यात लाकूड ओढण्यासाठी माझ्याकडे १९९० च्या दशकातील एक ४×४ एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी छोटी गाडी) आहे. तिच्यात चाकांपर्यंत जोर पोहोचवायला लांब शाफ्टऐवजी (फिरत्या दांड्याऐवजी) तीन चेन आहेत: गिअरबॉक्सपासून मधल्या शाफ्टपर्यंत एक, तेथून मागच्या अ‍ॅक्सलला (चाकांच्या आसाला) दुसरी आणि पुढच्या चाकांकडे जाणारी तिसरी. मागची चेन सैल झाल्याने मी ती ओढून घेतली. परंतु चाक हाताने फिरवले असता एका ठिकाणी ती तारेसारखी ताठ होते आणि अर्ध्या फेरीनंतर पुन्हा लोंबते. ताण नेमका कोठे मोजावा? आणि फोर-व्हील-ड्राइव्ह मी क्वचितच वापरतो, तेव्हा पुढच्या चेनकडे वर्षातून एकदा पाहिले तरी पुरेल का?

चेनस्प्रॉकेट:

आपल्या वर्णनावरून ही रचना पोलारिस कंपनीच्या त्या काळातील ४×४ गाड्यांसारखी दिसते, म्हणून त्याच अनुषंगाने लिहितो.

ताण नेहमी चेन सर्वांत ताठ असेल त्या जागी मोजावा. लोंबणारा भाग पाहून चेन ओढली, तर ताठ जागा येताच सगळा भार गिअरबॉक्सच्या आणि अ‍ॅक्सलच्या बेअरिंगवर जातो आणि चेनऐवजी बेअरिंग बदलण्याची पाळी येते. शिवाय सीटवर माणूस बसला की मागचा भाग खाली दबतो व चेनचा ताण बदलू शकतो, म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये मोजमाप चालकाच्या वजनासह सांगितले असेल तर तसेच घ्यावे. किंचित सैल चेन फार तर आवाज करील. घट्ट चेन मात्र गुपचूप नुकसान करते.

आता क्रम. मधला शाफ्ट सरकवून पहिल्या चेनचा ताण जुळवायचा असेल, तर त्याच शाफ्टवरून निघणाऱ्या पुढच्या व मागच्या चेनचे अंतरही बदलते. त्यामुळे ही पहिली चेन आधी आणि उरलेल्या दोन नंतर. उलट क्रमाने काम केले की सगळे पुन्हा करावे लागते.

मागच्या अ‍ॅक्सलचे हाउसिंग (बाहेरचे कवच) एक्सेंट्रिक असते, म्हणजे अ‍ॅक्सलचे भोक त्याच्या मध्यावर नसून एका बाजूला असते. लॉक-बोल्ट सैल करून स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चाकाच्या) छिद्रातून हाउसिंगमध्ये एक पंच (पोलादी सळई) अडकवावा आणि गाडी हाताने अगदी हळू पुढे-मागे ढकलावी. हाउसिंग फिरते आणि चेन आवळते किंवा सुटते. मोटारसायकलप्रमाणे डावी-उजवी बाजू सारखी करण्याची कटकट येथे नाही, आणि ही युक्ती ज्याने काढली त्याला दाद द्यायला हवी. पंच काढायला मात्र विसरू नये. बोल्ट आवळल्यावर ताण पुन्हा एकदा पाहावा, कारण आवळताना हाउसिंग थोडे हलते.

चेन एकाच जागी ताठ होते याचा अर्थ बहुधा ती असमान ताणली गेली आहे, किंवा काही कड्या गंजून आखडल्या आहेत. चेन ५२० मापाची असेल तर एका कडीचे अंतर १५.८७५ मिमी, म्हणजे वीस कड्यांचे ३१७.५ मिमी होते. चेन ताणून धरून पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ३२४ मिमीच्या आसपास भरले तर ती सुमारे दोन टक्के लांबली आहे, आणि मग ओढाताण करण्यापेक्षा बदललेली बरी. स्प्रॉकेटचे दाते हुकासारखे वाकलेले दिसले, तर दोन्ही स्प्रॉकेट त्याच वेळी बदलावेत; झिजलेल्या दात्यांवर नवी चेन फार टिकत नाही.

रानवाटा:

पुढच्या चेनकडे वर्षातून एकदा पाहणे पुरेल, असे मला वाटत नाही. अशा गाड्यांत फोर-व्हील-ड्राइव्ह बंद असतानाही पुढची चेन फिरतच असते. फक्त पुढचे हब (चाकांचे मधले भाग) मोकळे असतात. वापर कमी म्हणून झीज कमी, हा हिशेब येथे चालत नाही. पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ तिच्यावरच येते, म्हणून बर्फाच्या मोसमात तिला तेलाची गरज अधिक.

मी चाके उचलून, इंजिन मंद गतीवर ठेवून चेनला तेल सोडतो. काम झटपट होते.

चेनस्प्रॉकेट:

पुढच्या चेनबाबत मान्य. परंतु इंजिन चालू ठेवून तेल सोडण्याचा सल्ला कृपया कोणी पाळू नये. फिरती चेन आणि स्प्रॉकेट यांच्यात फडके सापडले, तर त्यामागून बोटे जायला क्षणही लागत नाही. किल्ली काढावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि चाक हाताने फिरवावे.

बर्फाळवाट:

मोजले: वीस कड्या ३२६ मिमी. म्हणजे मागची चेन बदलणार, आणि स्प्रॉकेटही. नवी चेन ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबराच्या रिंगा असलेली) घेतली तर धुण्यासाठी पेट्रोल चालेल का?

रानवाटा:

पेट्रोल नको, रबराच्या रिंगा फुगून खराब होतात. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे, आणि धुण्याच्या प्रेशरमशीनचा फवारा जवळून मारू नये. कोरडी पुसून गिअर ऑइल किंवा ओ-रिंगसाठीचा स्प्रे आतल्या बाजूने सोडावा, गाडी फिरवून आल्यावर चेन कोमट असताना सोडला तर उत्तम. मास्टर लिंकच्या (चेनची टोके जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचे बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला ठेवा. आणि वरची चूक लक्षात आली, यापुढे इंजिन बंद करूनच.