मदत हवी आहे: इंग्रजी मेलमधील ‘मूव्ह फॉरवर्ड’ म्हणजे तारीख अलीकडे आली की पुढे गेली?

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी निर्यातीचा पत्रव्यवहार सांभाळते. आमचा बराचसा माल ब्रिटनला जातो आणि तिथल्या ग्राहकांशी होणारे जवळपास सगळे बोलणे मेलवरच होते. तारखांच्या संदर्भात ‘फॉरवर्ड’ हा शब्द आला की आमच्या कार्यालयात हमखास वाद होतो, म्हणून हा धागा काढला आहे. ब्रिटनमध्ये राहिलेल्या, तिथल्या माणसांबरोबर काम केलेल्या किंवा इंग्रजी शिकवणाऱ्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अलीकडेच आलेल्या एका मेलमधले वाक्य असे होते: ‘द फायनल इन्स्पेक्शन हॅज बीन मूव्ह्ड फॉरवर्ड बाय अ वीक.’ अंतिम तपासणीच्या दिवशी सगळा माल विणून, रंगवून, शिवून तयार असावा लागतो आणि त्यातला किमान ८० टक्के खोक्यांत भरलेला असावा लागतो. त्यामुळे तारीख आठवडाभर अलीकडे आली असेल तर हेमिंगला, म्हणजे टॉवेलच्या कडा शिवण्याच्या कामाला, रात्रपाळी लावावी लागते आणि आठवडाभर लांबली असेल तर तोच माल गोदामात जागा अडवून बसतो. म्हणजे या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये आमच्यासाठी तब्बल दोन आठवड्यांचे अंतर पडते.

उत्पादन पाहणाऱ्या काकांनी मेल वाचून तपासणी लांबली असे ठामपणे सांगितले, आणि मराठी माणसाच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच होते, कारण परीक्षा पुढे गेली किंवा लग्न पुढे ढकलले असे आपण म्हणतो तेव्हा ते नंतरच होणार असते. हिशेबनिसांनीही त्यांना दुजोरा दिला. खतावणीत ‘कॅरीड फॉरवर्ड’ लिहिलेली रक्कम पुढच्या पानावर जाते, तशी तारीखही पुढच्या आठवड्यात गेली, असे त्यांचे म्हणणे होते. लूम (यंत्रमाग) विभागातले आमचे जॉबर, म्हणजे मुकादम, मात्र घरी तेलुगू बोलतात. तेलुगूत ‘मुंदु’ या एकाच शब्दाचा अर्थ ‘समोर’ही होतो आणि ‘आधी’ही होतो, त्यामुळे फॉरवर्ड म्हणजे तारीख आधी आली याविषयी त्यांच्या मनात जराही शंका नव्हती. एका टेबलाभोवती बसलेल्या, रोज एकमेकांबरोबर काम करणाऱ्या माणसांनी एकच वाक्य असे उलटसुलट वाचावे, याचे मला फार नवल वाटले. शेवटी ग्राहकाला विचारले, तेव्हा तपासणी आठवडाभर अलीकडे आणल्याचे कळले.

त्यानंतर मी याविषयी थोडे वाचन केले. हा गोंधळ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांमध्येही आहे आणि मानसशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यासही केला आहे. बुधवारची बैठक दोन दिवस ‘फॉरवर्ड’ केली तर ती कोणत्या वारी होईल, या प्रश्नावर मॅकग्लोन आणि हार्डिंग यांचे संशोधन १९९८ साली प्रसिद्ध झाले. आपण काळातून चालत पुढे जातो अशी कल्पना मनात असेल तर उत्तर शुक्रवार येते, आणि काळच आपल्याकडे चालत येतो अशी कल्पना असेल तर सोमवार येते. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅमस्कर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर हाच प्रश्न विमानतळावरच्या लोकांना विचारला होता, आणि नुकतेच विमानातून उतरलेले लोक, कोणाला तरी न्यायला आलेल्यांच्या तुलनेत, शुक्रवार हे उत्तर अधिक प्रमाणात देत होते. हे वाचून आमच्या काकांना बरे वाटले.

घड्याळाचे उदाहरण मला आणखी कोड्यात टाकते. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे फॉरवर्ड करतात, तेव्हा एकाचे दोन वाजतात आणि आपल्यातले व त्यांच्यातले साडेपाच तासांचे अंतर साडेचार तासांवर येते. पण दोनची बैठक एक तास फॉरवर्ड केली तर ती बहुतेक वेळा एक वाजता होते. ‘बॅक’चेही तसेच आहे: घड्याळ ‘पुट बॅक’ केले की दोनाचा एक होतो, आणि बैठक ‘पुट बॅक’ केली की ती लांबते.

शब्दकोशांवरून माझी समजूत अशी झाली आहे की ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे तारीख अलीकडे आणणे आणि ‘पुश बॅक’ म्हणजे ती लांबणीवर टाकणे, हे दोन्ही प्रयोग बऱ्यापैकी निःसंदिग्ध आहेत. खरी अडचण ‘मूव्ह’ आणि ‘पुट’ यांची आहे. ही समजूत बरोबर आहे का? ब्रिटिश माणूस कार्यालयीन मेलमध्ये ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात नेहमी ‘आधी’ हाच अर्थ असतो, की तिथेही माणसागणिक फरक पडतो? अमेरिकेतल्या ग्राहकांशीही आमचे बोलणे सुरू होणार आहे, तेव्हा तिकडची रीत कोणाला ठाऊक असल्यास तीही सांगावी. ‘प्रीपोन’ आपल्याकडे सर्रास चालतो, पण तो भारतीय इंग्रजीतला शब्द असल्याने ब्रिटिश ग्राहकाला लिहिताना मी तो टाळते.

दुसरी शंका शिष्टाचाराची आहे. यापुढे असा मेल आला की उत्तरात ‘म्हणजे तपासणी अमुक तारखेऐवजी तमुक तारखेला, हे कृपया कळवावे’ असे वार आणि महिन्याच्या नावासकट दोन्ही तारखा लिहून विचारायचे मी ठरवले आहे. आमच्या साहेबांना वाटते की दर वेळी असे विचारल्याने आपले इंग्रजी कच्चे असल्याचा ग्राहकाचा समज होईल. मला तसे वाटत नाही. ज्यांनी तिकडच्या कार्यालयांत काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे की तिथले लोक आपापसांत अशी खातरजमा करतात का, आणि करत असतील तर त्यासाठी कोणते वाक्य वापरतात.