मदत हवी आहे: २० मिमी तोफेचं टीकेएस टँकेट, एक शंका आणि रंगाचा घोळ

मंडळी, १/३५ स्केलचं पोलिश टीकेएस टँकेटचं (म्हणजे दोन माणसांचा छोटा, हलका रणगाडा) मॉडेल किट करायला घेतलंय, २० मिमी तोफवालं. जोडून झालं, आता रंगावर अडलंय आणि त्याहून जास्त एका शंकेवर, कोणी रणगाडेवाले असाल तर सांगा.

आधी शंका. खरी गाडी जेमतेम पावणेतीन टनाची, चिलखत जास्तीत जास्त १० मिमी, माणसं दोन, टरेट (वरचा फिरता तोफेचा बुरूज) नाहीच. ड्रायव्हर गाडी चालवणार आणि बाकी सगळं कमांडरच्या गळ्यात, तोच नेम धरणार, तोच मॅगझिन बदलणार, बाहेर काय चाललंय तेही त्यानेच बघायचं. मशीनगनपुरतं ठीक आहे हो, पण तोफ बसवल्यावर एकट्याला जमायचं कसं? शिवाय तोफ डावी-उजवी थोडीशीच फिरते, शत्रू बाजूने आला की अख्खी गाडीच वळवा. तरी सप्टेंबर १९३९ मध्ये वॉर्सॉजवळ कांपिनोसच्या जंगलात रोमान ऑर्लिक नावाच्या कॅडेटने याच गाडीतून जर्मन रणगाडे उडवले म्हणतात. मग कमाल गाडीची की त्याची?

ही सगळी पिलावळ ब्रिटिश कार्डन-लॉइड मार्क ६ ची, १९२८ च्या आसपासची. स्वस्त आणि झटपट बनणारी, म्हणून पोलंड, इटली, रशिया सगळ्यांनी त्यावरून आपापली काढली. इटालियन एल३ टँकेटचे हाल तर वाचवत नाहीत, १९३५ च्या डिसेंबरात इथिओपियात देंबेगुइना खिंडीत सापडली तेव्हा पायदळाने जवळ येऊनच निकाल लावला, आणि १९३७ ला स्पेनमध्ये ग्वादालाहाराला समोर ४५ मिमी तोफेचे टी-२६ हे रशियन रणगाडे अन यांच्याकडे नुसत्या मशीनगन. म्हणजे हलकं चिलखत म्हणजे पैसे वाचवायचा उद्योग असंच माझं मत झालं होतं. पण मग १९४८ ला काश्मीरमधल्या झोजी ला खिंडीवर आपले स्टुअर्ट रणगाडे चालले ते कसे, तेही हलकेच ना?

रंगाचं: तीन रंगांचे पट्टे आहेत, कडा फिकट धुरकट हव्यात की ठळक? एअरब्रश नाहीये माझ्याकडे.

प्रतिसाद १
स्टुअर्टला टँकेटच्या पंगतीत बसवू नका राव. १५ टनांच्या आसपास वजन, चार माणसं, फिरता टरेट, ३७ मिमी तोफ. आणि १ नोव्हेंबर १९४८ ला समोर रणगाडे नव्हतेच, साडेअकरा हजार फुटांवर टँक येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ७ लाइट कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटच्या गाड्यांचे टरेट उतरवून, गुपचूप वर नेल्या, बालतालपासून पुढची वाट लष्कराच्या इंजिनिअरांनी, मद्रास सॅपर्सनी, केली. मेजर जनरल थिमय्यांचं डोकं त्यात. तिथे हलकेपणाच कामी आला, जड रणगाडा त्या वाटेने गेलाच नसता.

ऑर्लिकचं म्हणाल तर दबा धरून बसायचं, जवळ येऊ द्यायचं, मारायचं. टीकेएस सव्वा मीटरपेक्षा जरा जास्त उंच, झुडपात दिसतच नाही. वर गुंडलाखचा पेरिस्कोप (आतून बाहेर बघायची नळी), मान न वळवता मागचंही दिसतं. उघड्यावर मात्र त्याच गाडीचं काही खरं नव्हतं. दुसरं म्हणजे २० मिमीवाल्या युद्ध सुरू होईपर्यंत दोन डझनांच्या आसपासच तयार होत्या, बाकीच्या मशीनगनवरच लढल्या. तोफ वर्षभर आधी आली असती तर चित्र जरा वेगळं असतं.

प्रतिसाद २
कडा मऊच हव्यात, पोलंडवाले स्प्रेने मारायचे. वाळूसारखा राखाडी, हिरवट तपकिरी आणि गडद तपकिरी. एअरब्रश नसेल तर स्पंजचा तुकडा, रंग टिश्यूवर जवळपास पुसून घ्यायचा आणि मग कडेवर टिपत जायचं. घाई केली की डाग पडतात. आधी जुन्या प्लॅस्टिकवर करून बघा.

धागाकर्ता
झोजी लाचं पटलं. स्पंज कुठला, भांड्याचा की मेकअपचा?

प्रतिसाद २
मेकअपचा. भांड्याच्याची छिद्रं मोठी असतात, त्या स्केलला ती लगेच डोळ्यात येतात.