रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटला आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वाचेल का?

जुनी_सेडान

नमस्कार. माझ्याकडे २००८ साली घेतलेली पेट्रोल सेडान आहे. गिअरबॉक्स चार गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेला ऑटोमॅटिक आहे आणि गाडीचे रनिंग २,१८,००० किलोमीटर झाले आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर मी आरटीओत आणखी पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले, तेव्हा गाडी मोडीत काढण्याचा विचार तूर्त तरी नाही.

गेल्या रविवारी महाबळेश्वरहून परतताना खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत गाडी व्यवस्थित होती. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर थांबून पुन्हा निघताना मात्र डी (पुढे जाण्याचा गिअर) टाकल्यावर दोनेक सेकंद काहीच झाले नाही, आणि मग धक्का देऊन गिअर पडला. सिंहगड रस्त्यावरच्या घरी पोहोचेपर्यंत हे आणखी तीन-चार वेळा घडले. सकाळी बॉनेट उघडले तर कूलंटच्या टाकीत चक्क स्ट्रॉबेरी मस्तानी भरल्यासारखा दाट गुलाबी फेस दिसला. गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवरचे ऑइलही लाल न दिसता दुधाळ गुलाबी दिसते. इंजिनच्या डिपस्टिकवरचे ऑइल मात्र स्वच्छ आहे.

एक मिस्त्री म्हणतात की गिअरबॉक्स गेला, जुना काढलेला दुसरा बसवू. त्यांनी सांगितलेला आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या आसपास जातो. दुसरे म्हणतात की रेडिएटर बदला, एकदा ऑइल बदला आणि चालवून बघा. एक कबुलीही देतो: गेली दोन वर्षे कूलंट कमी झाले की सोसायटीतल्या बोअरचे पाणी टाकले जात होते. कोणाचे ऐकावे?

नाना_पेठ

दोघांपैकी कोणाचेही ऐकण्याआधी एक गोष्ट करा: गाडी सुरू करू नका, अगदी पार्किंगमध्ये जागा बदलण्यासाठीसुद्धा नाही.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतील. अशा गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल दोन नळ्यांतून रेडिएटरच्या खालच्या टाकीत येते आणि तिथल्या कूलंटमध्ये बुडालेल्या एका छोट्या कूलरमधून फिरून परत जाते. या कूलरचा पत्रा किंवा त्याचा जोड गंजून भोक पडले की दोन्ही द्रव एकमेकांत जातात, पण दोन्ही दिशांनी एकाच वेळी नाही. इंजिन चालू असताना गिअरबॉक्सच्या पंपामुळे ऑइलचा दाब जास्त असतो, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जाते. तुमच्या टाकीतला फेस तो. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण तापलेल्या रेडिएटरमध्ये झाकणामुळे साधारण एका बारचा दाब बराच वेळ टिकून राहतो, आणि मग कूलंट उलट गिअरबॉक्समध्ये शिरते. म्हणजे घाटात गाडी चालताना जेवढे बिघडले नसेल त्याहून अधिक घरी येऊन गाडी शांत उभी राहिल्यावर बिघडते.

नुसते पाणी असते तर काही अंशी वाफ होऊन निघून गेले असते. कूलंटमधला ग्लायकॉल मात्र ऑइलमध्ये राहतो आणि क्लच प्लेटवरचे घर्षणाचे अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेले असते तो सैल करतो. गाडी जितकी जास्त चालेल तितके हे मिश्रण पंप, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या दाबाने गिअर बदलणारा भाग) आणि कन्व्हर्टरमध्ये जास्त फिरेल. गॅरेजमध्ये न्यायची असेल तर सपाट ट्रकवर चढवून न्या किंवा किमान पुढची चाके उचलून ओढा. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते अशी ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेल्याची शंका कोणी काढली तर इंजिन ऑइल स्वच्छ आहे हे त्यांना दाखवा. शिवाय इंजिन ऑइल कूलंटमध्ये गेले तर रंग चहा-कॉफीकडे झुकतो, असा गुलाबी येत नाही. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये पाणी आहे का हे पाहण्याची जुनी युक्ती अशी की मोकळ्या जागेत एक निकामी पत्रा तापवायचा आणि त्यावर ऑइलचा एकच थेंब टाकायचा. फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडले तर पाणी आहे.

बोअरच्या पाण्याबद्दल: या पाण्यातले क्षार टाकीच्या तळाशी बसतात आणि कूलंटमधली गंजरोधक द्रव्येही पातळ होतात. तुमचा कूलर याच एका कारणाने गेला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण एवढ्या वर्षांच्या रेडिएटरला वेगळे निमित्त लागतेच असे नाही. यापुढे मात्र तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर, दुसरे काही नाही.

दिवे_घाट

नाना_पेठ यांनी निदान अचूक सांगितले आहे. दुरुस्तीबाबत माझा अनुभव जोडतो, कारण तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते आणि माझ्या मिस्त्रींनी तेव्हा एकदाच ऑइल बदलून काम संपवले होते. ती चूक मला महागात पडली.

तळाचा बोल्ट उघडल्यावर सगळे ऑइल येत नाही. निम्म्याच्या आसपास येते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहते. म्हणजे एकदा बदलल्यावर निम्मी घाण, दोनदा बदलल्यावर पाव आणि तीनदा बदलल्यावर आठवा भाग उरतो. म्हणून चांगला मार्ग असा की रेडिएटर आधी बदलायचा, गिअरबॉक्सचा तळ उतरवून चेंबर पुसायचे, फिल्टर नवा टाकायचा, ऑइल भरायचे आणि मग कूलरकडून परत येणारी नळी सोडवून तिचे तोंड लिटरच्या खुणा असलेल्या बादलीत धरायचे. इंजिन थोडा वेळ चालवून दोनेक लिटर बाहेर आले की लगेच बंद करायचे आणि तेवढेच नवे ऑइल डिपस्टिकच्या नळीतून भरायचे. रंग स्वच्छ लाल येईपर्यंत हेच करत राहायचे. याला दोन माणसे लागतात, एक किल्लीवर आणि एक बादलीवर. एकट्याने करू नये, पंप कोरडा फिरला तर सगळे मुसळ केरात. जुने ऑइल गटारात न ओतता गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपात द्या.

ऑइल डिपस्टिकवर किंवा गाडीच्या पुस्तकात ज्याचे नाव आहे तेच घ्या. 'सगळ्या गाड्यांना चालते' म्हणून सुटे दिले जाणारे ऑइल एवढ्या खटाटोपानंतर घालू नका.

रेडिएटरबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. नव्या रेडिएटरमधला कूलर वापरण्याऐवजी मी बाहेरचा, हवेने थंड होणारा प्लेटचा कूलर एसीच्या कंडेन्सरपुढे (एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळीपुढे) बसवला. ऑइल आणि कूलंट यांची गाठच पडत नाही, तर मिसळण्याचा प्रश्नच उरत नाही.

मिस्त्री_नाही_पण

बाहेरच्या कूलरबाबत दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो, कारण मी या कामात झालेले घोटाळे जवळून पाहिले आहेत. पहिली गोष्ट पाइपची. रेडिएटरचा साधा रबरी पाइप ऑइलने फुगतो आणि मऊ पडतो; गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी बनवलेलाच पाइप घ्यावा. ज्या धातूच्या नळीवर तो चढवायचा तिच्या टोकाला उंचवटा असला पाहिजे, नाहीतर कापलेल्या गुळगुळीत नळीवरून क्लॅम्पसकट पाइप निसटतो आणि भर रस्त्यात सगळे ऑइल सांडते. दुसरी गोष्ट कूलर बसवण्याची. कंडेन्सरच्या पत्र्यांतून प्लास्टिकच्या पट्ट्या आरपार ओवून कूलर बांधला तर घासून घासून कंडेन्सरला भोक पडते आणि एसीचा गॅस निघून जातो. लोखंडी पट्टी मारून, थोडी फट ठेवून बसवा.

रेडिएटरमधला कूलर थंडीत ऑइल लवकर गरमही करतो, म्हणून थंड प्रदेशात तो काढू नये असे सांगतात. पुण्याच्या डिसेंबरमध्ये ही चिंता फारशी करावी लागत नाही. आपल्याकडे त्रास मे महिन्यात कात्रजच्या चढावर अडकलेल्या रांगेत होतो. तरीही नवा रेडिएटर चांगल्या प्रतीचा मिळत असेल आणि गाडी बहुतेक शहरातच फिरत असेल, तर मूळ रचना ठेवण्यात काहीच गैर नाही.

जुनी_सेडान

सर्वांचे आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे, कारण काम पूर्ण झाल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता.

गाडी सपाट ट्रकवरून नेली. जुना रेडिएटर उतरवून कूलरच्या एका तोंडाला बूच लावले आणि दुसऱ्यातून हवा भरली, तेव्हा पाण्याच्या टपात खालच्या टाकीच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. शंका उरली नाही. नवा रेडिएटर बसवला आणि बाहेरचा कूलरही, लोखंडी पट्टीवर. कूलंटच्या बाजूची स्वच्छता अपेक्षेपेक्षा जास्त वेळखाऊ निघाली. चार वेळा पाणी फिरवूनही तवंग येतच राहिला, आणि ऑइलने फुगलेले दोन्ही मोठे पाइप व थर्मोस्टॅट शेवटी बदलावेच लागले. गिअरबॉक्समध्ये बादलीच्या पद्धतीने अकरा लिटर ऑइल गेले. परतीच्या नळीतून अर्ध्या मिनिटात लिटरभर ऑइल येत होते, म्हणजे नळ्या तुंबलेल्या नाहीत असे मिस्त्रींचे मत पडले.

आता डी लगेच पडतो. फक्त साठ-पासष्टच्या वेगाला, कन्व्हर्टर लॉक होताना, खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी हलकी थरथर जाणवते.

नाना_पेठ

ती थरथर म्हणजे कन्व्हर्टरच्या क्लचने ग्लायकॉल थोडा चाखला आहे. दोन हजार किलोमीटरनंतर तळाच्या बोल्टमधून एकदा ऑइल बदला आणि चुंबकावर किती बारीक चुरा जमला आहे ते पाहा. राखाडी लेप असेल तर चालवत राहा. काळे कण किंवा अस्तराचे तुकडे दिसले तर कन्व्हर्टर उतरवण्याची तयारी ठेवा. तोवर महाबळेश्वर नको.