लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताला नेमके काय झाले होते?

मंद्रसप्तक (पुणे)
मी अकरा वर्षे पियानो शिकत आहे. गेल्या चार महिन्यांपासून वाजवताना उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळहाताकडे वळतात. लिहिताना, भाजी चिरताना किंवा स्कूटरचा ब्रेक दाबताना मात्र तसे होत नाही, आणि हात दुखतही नाही. शिक्षकांनी रियाज वाढवायला सांगितले. तो वाढवला तसा त्रासही वाढला. शोध घेताना अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचे नाव समोर आले. त्यांना काय झाले होते, मधली वर्षे त्यांनी कशी काढली आणि ते खरोखर बरे झाले का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नागपूरचा श्रोता
फ्लायशर यांचा जन्म १९२८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला. नवव्या वर्षी ते आर्टुर श्नाबेल यांच्याकडे शिकू लागले. श्नाबेल यांचे गुरू लेशेटित्स्की, त्यांचे चेर्नी आणि चेर्नींचे गुरू साक्षात बीथोव्हन. आपल्याकडे घराण्याची परंपरा जशी सांगतात, तशीच ही परंपरा फ्लायशर अभिमानाने सांगत. सोळाव्या वर्षी ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर वाजले, १९५२ मध्ये त्यांनी ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली, आणि पुढे जॉर्ज सेल यांच्या क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी बीथोव्हन आणि ब्राम्स यांच्या कंचेर्टोंची (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांनी मिळून वाजवायच्या रचनांची) जी ध्वनिमुद्रणे केली, ती आजही मी इतर कोणाच्याही आधी ऐकायला सुचवतो.

१९६४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचीही हीच दोन बोटे वळू लागली. तुमच्याप्रमाणेच त्यांनीही आधी रियाज वाढवला आणि त्याने नुकसानच झाले. क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबरचा सोव्हिएत संघाचा ठरलेला दौरा त्यांना सोडावा लागला. त्या काळात आत्महत्येचे विचार मनात येत होते, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. त्यांना सावरले ते बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेतील अध्यापनाने. हात वाजवून दाखवू शकत नसल्यामुळे जे सांगायचे ते शब्दांत नेमके मांडणे त्यांना भाग पडले, आणि माझ्या मते त्यातूनच ते थोर शिक्षक झाले. त्याच सुमारास ते ऑर्केस्ट्राचे संचालनही करू लागले.

काळी_पाच
मी हार्मोनियम वाजवतो. आमचा डावा हात भाता मारण्यात गुंतलेला असतो, म्हणून फ्लायशर यांचे केवळ डाव्या हाताचे वादन प्रथम ऐकले तेव्हा मी थक्क झालो. नीट पाहिले तर त्यामागचा हिशेब लक्षात येतो. डाव्या हाताचा अंगठा वरच्या स्वरांकडे असतो, त्यामुळे मुख्य सुरावट त्याच्याकडे जाते आणि बाकीची बोटे खालचा आधार देतात. खर्जातला स्वर वाजवून तो पेडलने धरून ठेवायचा आणि तो घुमत असतानाच हात झेप घेऊन वर न्यायचा. डोळे मिटून ऐकले तर दोन हात वाजत आहेत असेच वाटते.

या संगीताचा मोठा भाग पाउल विट्गेनश्टाइन यांच्यामुळे निर्माण झाला. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या या व्हिएन्नातील वादकाने राव्हेल, प्रोकोफिएव्ह आणि हिंडेमिट यांच्याकडून रचना लिहून घेतल्या. राव्हेल यांचा कंचेर्टो फ्लायशर यांनी असंख्य वेळा वाजवला. हिंडेमिट यांची १९२३ मधली रचना मात्र विट्गेनश्टाइन यांनी कधीच वाजवली नाही. तिचे हस्तलिखित २००२ मध्ये सापडले आणि २००४ मध्ये बर्लिनमध्ये तिचे पहिले वादन फ्लायशर यांनीच केले. ऐंशी वर्षे मुकी राहिलेली रचना त्यांच्याच हातून बोलती व्हावी, याने मी आजही हेलावून जातो.

मेंदू_आणि_स्नायू (सोलापूर)
मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. फ्लायशर यांना फोकल डिस्टोनिया होता. यात बिघाड बोटात नसून मेंदूकडून बोटाला जाणाऱ्या आज्ञेत असतो, म्हणून एका विशिष्ट कामातच बोटे ऐकेनाशी होतात आणि अनेकदा वेदनाही नसतात. तुमची लक्षणे त्याच्याशी जुळतात. परंतु नस दबल्यानेही करंगळी आणि अनामिकेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तपासणीशिवाय निष्कर्ष काढू नये.

ते बरे झाले का, याचे प्रामाणिक उत्तर ‘पूर्णपणे नाही’ असे आहे. १९८२ मध्ये बाल्टिमोरच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला ते दोन्ही हातांनी वाजले, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, पण हात सुधारलेला नाही हे त्यांना स्वतःला कळत होते. १९९० च्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शने आणि रॉल्फिंग नावाचा खोल मर्दनोपचार यांमुळे बोटे सैल होऊ लागली. बोटॉक्स अतिआकुंचित स्नायूला काही महिने शिथिल करते. त्यानंतर इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. त्या आधारावर त्यांनी २००४ मध्ये ‘टू हँड्स’ हा अल्बम केला. २०२० मध्ये ते निवर्तले.

बोटे वळू लागतात तिथेच वादन थांबवा. हट्टाने रियाज केल्यास ती चुकीची हालचालच पक्की होते.

मंद्रसप्तक (पुणे)
सर्वांचे मनापासून आभार. उजव्या हाताचा रियाज आजपासून बंद केला असून गुरुवारी तपासणीची वेळ घेतली आहे. तोपर्यंत डाव्या हाताने काही सुरू करावे का?

काळी_पाच
डॉक्टरांची हरकत नसेल तर रशियन संगीतकार स्क्रियाबिन यांच्या ओपस ९ (रचना क्रमांक ९) मधला केवळ डाव्या हातासाठीचा प्रेल्यूड, म्हणजे छोटी रचना, घ्या. उजवा हात दुखावल्यावरच त्यांनी तो लिहिला होता. त्याच्या जोडीची नॉक्टर्न नावाची रचना कठीण आहे, ती इतक्यात नको. सुरुवातीला रोज पंधरा मिनिटेच वाजवा आणि उजवा हात मांडीवर सैल सोडून ठेवा.