थंडीत उभी गाडी आठवड्यातून एकदा ‘जरा चालू करून’ ठेवणं: फायदा की नुकसान?

गरम_सिलिंडर

थंडी तोंडावर आली की हा सल्ला हमखास मिळतो: मोटरसायकल चालवणार नसाल तर निदान आठवड्याला पाच मिनिटं चालू करा, इंजिन मोकळं राहतं, बॅटरीही भरते. माझ्या मते हा सल्ला गाडीच्या मुळावर येतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. थंड इंजिनात त्यातली काही वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइल असलेल्या भागात, उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. पाच मिनिटांत हेड (इंजिनाचा वरचा भाग) हाताला चटका देतं, पण खाली ऑइल कोमटच असतं. ते १०० अंशांच्या जवळ जाऊन तिथे काही वेळ टिकलं तरच पाणी उडतं, आणि त्यासाठी रस्त्यावर २०-३० मिनिटं चालवावी लागते. खात्री करायची असेल तर ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. तिथे साईसारखा पिवळट-पांढरा चिकट थर दिसला तर ते पाणीच आहे. तीच वाफ सायलेन्सरमध्ये थंड होऊन साचते आणि सायलेन्सर आतून कुजतो.

तेव्हा एक तर नीट चालवा, नाही तर थंडी संपेपर्यंत नीट झोपवा, म्हणजे बंद ठेवा. झोपवायची असेल तर ऑइल आणि फिल्टर थंडीच्या आधी बदला. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंगांवर महिनोन्महिने बसू देऊ नका. स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं रसायन) टाकून टाकी काठोकाठ भरा आणि मग दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. बॅटरी काढून घरात, मेंटेनन्स चार्जरवर (बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर). दोन्ही चाकं स्टँडवर उचललेली. एअरबॉक्सच्या (इंजिनात हवा जाते तो डबा) आणि सायलेन्सरच्या तोंडाला बोळा, आणि त्याची आठवण म्हणून चावीला चिठ्ठी. कव्हर कापडी हवं; प्लास्टिकखाली गाडी घामेजते.

पायलट_जेट

पाण्याचा मुद्दा मान्य, पण निष्कर्ष सरसकट काढलात. इंजेक्टरऐवजी कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीचं काय? त्याच्या फ्लोट बाउलमधलं (पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) पेट्रोल काही आठवड्यांत उडून जातं आणि मागे डिंकासारखा राप उरतो. आयडलला पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं, ते आधी बुजतं. मग गाडी चोकवरच चालते, चोक आत ढकलला की बंद पडते. ताजं पेट्रोल अधूनमधून खेळतं राहिलं तर हे टळतं.

बॅटरीची भीतीही अनाठायी आहे. सेल्फ स्टार्टर १०० अँपिअर घेतो असं धरलं तरी दोन सेकंदांत खर्च होतो ०.०६ अँपिअर-तासाहून कमी. खरी गळती वेगळीच असते. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), घड्याळ, अलार्म मिळून ५ मिलिअँपिअर ओढत असतील तर महिन्याला ३.६ अँपिअर-तास जातात. ८ अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ निम्मी रिकामी!

गरम_सिलिंडर

@पायलट_जेट, तुमच्याच हिशोबाने बघा. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालताना, अल्टरनेटर (बॅटरी भरणारं जनित्र) जेमतेम हेडलाइट आणि इग्निशन सांभाळतो. गेलेले ३.६ अँपिअर-तास पाच मिनिटांत भरून निघणार कुठून? शिवाय बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. पूर्ण भरलेली उणे ५० अंशांतही गोठत नाही, पार उतरलेली मात्र उणे १० च्या आसपासच गोठते आणि कवच तडकतं. चार्जर नसेल तर निदान निगेटिव्ह तार काढा. लिथियम बॅटरी असेल तर शून्याखाली चार्ज करूच नका.

कार्ब्युरेटरसाठी पेट्रोलचा कॉक बंद करून बाउलखालचा ड्रेन स्क्रू सैल करा, पेट्रोल बाटलीत उतरवून घ्या. कोरड्या बाउलमध्ये राप धरत नाही.

पायलट_जेट

आणि बाउलमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या, कोरड्या पडलेल्या फ्लोट व्हॉल्व्हचं रबर आकसून वसंतात पेट्रोल गळतं, ते? जुन्या गाडीत मी बाउल रिकामा करणार नाही. स्टॅबिलायझरवालं पेट्रोल भरलेलंच ठेवेन. बॅटरीचं मान्य.

बारमाही

तुम्ही दोघं झोपवण्याच्या पद्धतीवर भांडताय. मुळात झोपवायची कशाला? रस्ता कोरडा असेल तर पंधरवड्यातून एकदा तासभर चालवा, वरचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

तयारी मात्र हवी. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (हवेच्या दाबाचं एकक) कमी होते. उन्हाळ्यात भरलेली हवा तशीच ठेवली तर गाडी वळणात जड लागते. टायर थंड असताना, बाहेरच्या तापमानातच मोजा. स्पोर्ट टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होतं, तेव्हा स्पोर्ट-टूरिंग टायर घाला.

५ अंशांत ताशी ८० ने गेलात तर उघड्या कातडीला उणे ३ अंशांसारखं लागतं. गळपट्टी आणि वारा अडवणारा बाहेरचा थर याला पर्याय नाही. ग्लव्ह्ज घट्ट नकोत, बोटांचं रक्त अडतं. हँडलच्या गरम ग्रिप ३०-४० वॅट खातात, त्या इंजिन चालू असतानाच लावा. हेल्मेटच्या व्हायझरला पिनलॉक (धुकं धरू न देणारी आतली जादा काच) बसवा. धुकं धरलं म्हणून काच उघडून चालवणं धोक्याचं आहे.

सावलीतलं_वळण

@बारमाही, रबर आणि कपडे हे तुमच्या हातात आहे, रस्ता नाही. हवा ३ अंश असली तरी पुलावर बर्फ असू शकतो, कारण पूल वरून-खालून दोन्हीकडून थंड होतो. डोंगराच्या सावलीतलं वळण दुपारपर्यंत गोठलेलं राहतं. तो पारदर्शक थर डांबर ओलं असल्यासारखा दिसतो आणि त्यावर एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) फार काही वाचवू शकत नाही.

जिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तर तासाभराची फेरी गाडीला महाग पडते. ब्रेक डिस्कवर खारट पाण्याचा पापुद्रा येतो आणि पहिला ब्रेक उशिरा धरतो. तुम्हीच थरथरत असाल तर तुमचा प्रतिसादही मंदावलेला असतो. दोन्ही उशीर एकत्र येतात तेव्हा माणूस पडतो. पहिलं मीठ पडलं की गाडी आत, चांगला पाऊस पडून रस्ता धुतला की बाहेर.

बारमाही

मीठ आणि बर्फ असेल तर मीही काढणार नाही, ‘रस्ता कोरडा असेल तर’ हे लिहिलंच आहे. पण सुक्या थंडीसाठी चार महिने गाडी कोंडणं पटत नाही. मिठावरून आलातच तर त्याच दिवशी थंड पाण्याने धुवा, गरम पाण्यात गंज लवकर धरतो. प्रेशर वॉशरचा झोत चेनच्या ओ-रिंगांवर (कड्यांमधली ग्रीस धरून ठेवणारी रबरी वळी) आणि चाकाच्या बेअरिंगवर मारू नका. चेन पुसून लगेच ल्यूब करा आणि मग ब्रेक हलके दाबत थोडं चालवून डिस्क वाळवा.

गरम_सिलिंडर

ही फेरी ऑइल तापेपर्यंतची असेल तर माझा विरोध नाहीच. विरोध आहे तो अंगणात उभ्या-उभ्या पाच मिनिटं घुरघुरवण्याला.