मदत हवी आहे: दहावीच्या 'अवकाश मोहिमा' धड्यासाठी खरं चित्रण असलेले व्हिडिओ

नमस्कार मंडळी,

मी जव्हार तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये शेवटी 'अवकाश मोहिमा' हा धडा आहे. यंदा तो व्हिडिओ दाखवत, इतिहासासकट, नीट शिकवायचा आहे. त्यासाठी इथल्या जाणकारांची मदत हवी आहे.

व्हिडिओंना तोटा नाही, भरवशाचे मिळत नाहीत ही अडचण आहे. गेल्या वर्षी मंगळयानावरचा एक व्हिडिओ लावला होता. काळ्या आकाशात यान वळतंय, मागे लालसर मंगळ, सुंदरच होतं सगळं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे शूटिंग कोणी केलं? यानाच्या बाहेर कोण होतं?" वर्गात कोणी हसलं नाही, कारण प्रश्न सगळ्यांच्याच मनातला होता. मी सांगितलं की हे संगणकावर तयार केलेलं चित्र आहे. त्यावर लगेच पुढचा प्रश्न आला: "मग माणूस चंद्रावर उतरला ते पण तसंच का?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. 'चंद्रावर कोणी गेलंच नव्हतं' असं ठासून सांगणारे व्हिडिओ मुलांच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. इकडे आपले शैक्षणिक व्हिडिओ खरं चित्रण, ॲनिमेशन आणि कुठल्याशा सिनेमातले तुकडे एकापाठोपाठ जोडतात आणि कुठेही तसं लिहीत नाहीत. एका चॅनलवर तर चांद्रयान-३ चं 'प्रत्यक्ष लँडिंग' म्हणून यान बाहेरून उतरताना दाखवलंय! इतकी हुशार मुलं, त्यांनी उद्या दोन्हीला एकाच मापाने मोजलं तर त्यांचा काय दोष?

म्हणून मला असे व्हिडिओ हवे आहेत ज्यात खरं चित्रण आहे, आणि ते कुठल्या कॅमेऱ्याने, कधी, कुठून घेतलं हे मला मुलांना सांगता येईल. लांबी तीन-चार मिनिटं. शाळेत नेट बेभरवशाचं आहे, त्यामुळे डाउनलोड करून पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावता आले पाहिजेत. निवेदन मराठीत असेल तर उत्तम, नाहीतर निवेदन नसलेलंही चालेल. इंग्रजी निवेदन मात्र निम्म्या वर्गाच्या डोक्यावरून जातं. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचं साहित्य मी पाहिलंय. धडा समजायला ते ठीक आहे, पण मला हवंय ते जुनं मूळ चित्रण त्यात फारसं नाही.

नेमकं विचारायचं तर: अपोलो ११ मध्ये आर्मस्ट्राँग शिडीवरून उतरताना बाहेरून दिसतो, ते कसं टिपलं, हे मुलांना पटेल असं कसं सांगू? केरळमधलं थुंबा प्रक्षेपण केंद्र, आर्यभट्ट उपग्रह, एसएलव्ही-३ रॉकेट या आपल्या सुरुवातीच्या काळातलं काय दाखवता येईल? आणि अपयशाबद्दल काही आहे का? आपल्याकडच्या व्हिडिओंमध्ये सगळं पहिल्याच झटक्यात जमल्यासारखं दाखवतात, ते मला मुलांना द्यायचं नाही.

— रानजाई

*

माळरान:

रानजाई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. कुठलंही चित्रण बघताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

अपोलो ११ चं उत्तर सोपं आहे. यानाच्या खालच्या भागाच्या बाजूला एक घडी उघडणारं कपाटासारखं खोकं होतं आणि कॅमेरा त्यात बसवलेला होता. आर्मस्ट्राँगने शिडीवर येताना एक कडी ओढली, ते खोकं खाली उघडलं आणि कॅमेऱ्याचं तोंड शिडीकडे आलं. कॅमेरा त्यात उलटा बसवलेला असल्यामुळे पहिले काही क्षण चित्रही उलटं दिसलं, मग जमिनीवरच्या केंद्रात ते सुलटं केलं. हा उलट्या चित्राचा भाग असलेलं प्रक्षेपण शोधा, मुलांना लगेच पटतं. चित्र इतकं भुताटकीसारखं का दिसतं, तेही सांगा. कॅमेरा कमी रेषांचं, सावकाश चित्र पाठवत होता आणि टीव्हीसाठी ते रूपांतरित करताना त्याचा दर्जा आणखी घसरला. आपल्याकडे तेव्हा २१ जुलै १९६९ ची सकाळ होती.

पण माझं मत विचाराल तर वर्गात अपोलो १७ दाखवाच. डिसेंबर १९७२, शेवटची दोन माणसं चंद्रावरून निघतात आणि यानाचा वरचा भाग उडताना कॅमेरा त्याच्यासोबत वर वर जातो. बघणारा प्रत्येक जण विचारतो, मागे कोण राहिलं? कोणीच नाही! कॅमेरा तिथेच सोडलेल्या चांद्रगाडीवर होता आणि एड फेंडेल नावाचा माणूस ह्यूस्टनमध्ये बसून तो फिरवत होता. इथून निघालेली आज्ञा चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो, त्यामुळे यान उडताना बघून बटण दाबलं तर उशीर होणार. त्याने वेळेचं गणित आधी मांडून ठेवलं होतं आणि त्याप्रमाणे आज्ञा आगाऊ सोडल्या. अपोलो १५ आणि १६ च्या वेळी हे जमलं नव्हतं. तिन्ही तुकडे एकापाठोपाठ दाखवले तर तुमचा अपयशाचा मुद्दाही त्यात येतो.

नासाचं बहुतेक चित्रण कॉपीराइटमुक्त आहे आणि त्यांच्या चित्र-व्हिडिओ संग्रहातून थेट एमपीफोर उतरवता येतं.

*

त्रैराशिक:

अपोलो १५ चा हातोडा आणि पीस! २ ऑगस्ट १९७१ ला डेव्हिड स्कॉटने एका हातात सव्वा किलोहून जड भूगर्भशास्त्रज्ञाचा हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून दोन्ही एकदम सोडले. हवा नाही, दोन्ही एकदम जमिनीवर. जेमतेम मिनिटाचा तुकडा आहे, निवेदनाची गरजच नाही.

दहावीच्या पहिल्याच धड्यात गुरुत्वाकर्षण आहे, त्याच्याशी हे जोडा. व्हीएलसी प्लेयरमध्ये व्हिडिओ थांबवून 'ई' कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते. हातोडा सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या फ्रेम मुलांना मोजायला लावा, फ्रेमचा वेग व्हिडिओच्या माहितीत दिसतो. उंची अंदाजे १.६ मीटर धरली आणि चंद्रावरचं गुरुत्वीय त्वरण (g) १.६२ घेतलं तर वेळ सुमारे १.४ सेकंद येतो. पृथ्वीवर तेवढ्याच उंचीवरून ०.६ सेकंदाच्या आत खाली येईल. मग वर्गात खडू आणि कागदाचा कपटा सोडून दाखवा. चित्रण खरं की खोटं, हे मुलांनी स्वतः मोजून ठरवावं. तुम्ही सांगून पटण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं बसेल.

*

निवृत्त_अभियंता:

ताई, आपल्याकडच्या इतिहासाबद्दल थोडं लिहितो, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

व्हिडिओ भरवशाचा आहे की नाही हे ओळखायला दोन खुणा सांगतो. थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालेलं पहिलं रॉकेट भारतीय बनावटीचं होतं असं सांगितलं असेल, तर तो व्हिडिओ सोडून द्या. ते अमेरिकन नाइके-अपाची होतं. आपली जागा होती, आपली माणसं होती आणि चुंबकीय विषुववृत्त जवळून जातं म्हणून थुंबा निवडलं होतं. दुसरी खूण आर्यभट्टची. १९ एप्रिल १९७५ ला तो सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यार इथून सोडला गेला, श्रीहरिकोट्याहून नव्हे. आपल्या रॉकेटने आपला उपग्रह कक्षेत गेला तो १८ जुलै १९८० ला, एसएलव्ही-३ वरून. त्याआधी १० ऑगस्ट १९७९ चं उड्डाण फसलं आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. ही दोन उड्डाणं एकत्रच शिकवावीत.

बैलगाडीवरच्या 'ॲपल' उपग्रहाचं चित्र तुम्ही पाहिलं असेलच. ते 'बघा, आपण किती गरीब होतो' अशा मथळ्याखाली फिरतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती. भोवती धातू असला की रेडिओ लहरींच्या मोजमापात गडबड होते, म्हणून लाकडी गाडी घेतली. तो विचारपूर्वक केलेला उपाय होता. उपग्रह १९ जून १९८१ ला एरियान रॉकेटने गेला. मुलांना कारणासकट सांगा.

आणि 'साइट' हा खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा प्रयोग विसरू नका. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह आणि सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री आणि तिच्यावरून थेट उपग्रहाचे कार्यक्रम. आपल्याकडे मुलांना शाळेत उपग्रहावरून शिकवण्याची सुरुवात तिथली आहे. त्यात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस आणि पुण्याचे प्रमोद काळे यांचा मोठा वाटा होता. जव्हारच्या वर्गात ही नावं उच्चारली गेलीच पाहिजेत, इतकंच म्हणतो.

*

निळावंती:

वरचं सगळं मान्य, पण ॲनिमेशनला सरसकट बाद करू नका असं मला वाटतं. मंगळयान पृथ्वीभोवती कक्षा वाढवत वाढवत कसं निसटलं, हे कुठलाच कॅमेरा दाखवू शकत नाही. तिथे ॲनिमेशनच हवं. मी आधी ॲनिमेशन लावते आणि कोपऱ्यात 'संगणकचित्र' अशी कागदी पट्टी टीव्हीवर चिकटवते. मग पट्टी काढून त्याच यानाच्या रंगीत कॅमेऱ्याने टिपलेला मंगळाचा पूर्ण गोल दाखवते. मुलं आपोआप फरक करायला लागतात.

अपयशासाठी इस्रोची दोन थेट प्रक्षेपणं उतरवून घ्या. ७ सप्टेंबर २०१९ ची पहाट (चांद्रयान-२ चं उतरणं) आणि २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ (चांद्रयान-३ चं). दोन्हीकडे पडद्यावर आखलेली रेषा आहे आणि यानाकडून येणाऱ्या माहितीवर सरकणारा ठिपका आहे. २०१९ ला ठिपका रेषेपासून ढळतो आणि मग थांबतो. २०२३ ला तो रेषेला धरून खाली येतो, सहा वाजून चार मिनिटांनी टाळ्या पडतात. दोन्हींची शेवटची चार-चार मिनिटं पुरेत. नियंत्रण कक्षातल्या माणसांचे चेहरे बघायला सांगा.

त्याला जोडून प्रज्ञान रोव्हर उतरत्या फळीवरून खाली येतानाचं चित्रण (ते विक्रम लँडरच्या कॅमेऱ्याने घेतलंय) आणि ३ सप्टेंबर २०२३ ची विक्रमची उडी, सुमारे ४० सेंटिमीटर वर आणि थोडं बाजूला. आणि 'चंद्रावर कोणी गेलंच नाही'वाल्यांसाठी: अपोलो ११ उतरलं ती जागा आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरनेही (चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने) टिपली आहे.

*

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

त्रैराशिक, फ्रेम मोजण्याचा तास मी याच आठवड्यात घेते. काका, तुमच्या दोन खुणा वहीत उतरवून ठेवल्या, आणि बैलगाडीचं कारण मलाही माहीत नव्हतं. निळावंतीताई, पट्टीची कल्पना फारच आवडली. ती पट्टी कधी लावायची हे मी मुलांनाच ठरवायला लावणार आहे.

आता एकच राहिलं, मराठी निवेदनाचं. यूट्यूबची आपोआप होणारी मराठी उपशीर्षकं वाचवत नाहीत. यावर काही उपाय आहे का?

*

माळरान:

आहे. नासाच्या संग्रहात बऱ्याच व्हिडिओंसोबत एसआरटी नावाची उपशीर्षकांची फाइल मिळते. ती नोटपॅडमध्ये उघडते. वेळेचे आकडे तसेच ठेवायचे आणि इंग्रजी ओळीच्या जागी मराठी ओळ लिहायची. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीचे चौकोन दिसतील. फाइलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाका. शाळेच्या टीव्हीला देवनागरी वाचता येत नसेल तर लॅपटॉपवर व्हीएलसीत लावून एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा.

आणि निवेदन मुलांकडूनच करून घेता येईल. आवाज बंद करून व्हिडिओ लावायचा, एकाने लिहिलेलं वाचायचं, दुसऱ्याने मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. हातोडा-पिसापासून सुरुवात करा, तो सगळ्यात छोटा आहे. तयार झालं की इथे टाका, माझ्या भाच्याच्या शाळेलाही हवंय.